पायांवांचून चालणारे

गेल्या भाद्रपदांत कांहीं कामानिमित्त आम्हांस धाराशिव तालुक्यांतील बेंबळी या गांवीं चार दिवस राहण्याचा योग आला. ज्या घरीं आम्ही उतरलों होतों, तें जुन्या वळणाचें. तीन पिढ्या अद्याप एकाच चुलीवर जेवणाऱ्या. घरांतील थोरला नातू शाळेंतून दोन दिवसांच्या बोलीनें एक सूक्ष्मदर्शक यंत्र घेऊन आला होता, आणि तें पाहण्यास माजघरांत लहानथोरांची गर्दी झाली होती. आठ दिवसांपूर्वींच त्यानें एका बरणींत कडब्याचीं चार कांडें चिरून घातलीं होतीं. त्यांवर उकळून निववलेलें पाणी आणि शेताकडील डबक्यांतला चमचाभर गाळ ओतला होता. त्या बरणींतील थेंब कांचेवर घेऊन भिंगाखालीं सरकवण्यांत आला. सर्वांत धाकट्या नातीनें बराच वेळ डोळा लावून पाहिलें आणि मान वर करून आम्हांस विचारलें, "काका, याला पाय नाहींत, हात नाहींत, मग हा चालतो कसा?"

प्रश्न साधा होता, पण त्या घरांत त्याला एक वेगळी धार होती. आदल्या वर्षीं ऐन पावसाळ्यांत याच मुलीला आमांशानें पंधरा दिवस अंथरुणास खिळवलें होतें, आणि अमीबा हें नांव डॉक्टरांच्या तोंडून घरांत प्रथम ऐकूं आलें होतें तेंही तेव्हांच. त्यामुळें नातीच्या तोंडचा प्रश्न ऐकून आजीबाई दुरूनच म्हणाल्या, "आमच्या पोरीला छळलें तो हाच का? आमच्या घरीं तर पाणी दुहेरी फडक्यानें गाळून घेतात. मग हा आला कोठून?"

नातीचा प्रश्न 'कसा' असा होता, आजीबाईंचा 'कोठून' असा. दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें एकमेकांत गुंतलेलीं आहेत. तेव्हां तीं या महिन्यांत क्रमानें पाहूं.

ज्या वर्षीं रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, त्याच १६७४ सालीं हॉलंडमधील डेल्फ्ट शहरच्या लेव्हेनहूक नांवाच्या कापडाच्या व्यापाऱ्यानें जवळच्या तळ्याचें पाणी स्वतः घासलेल्या भिंगांतून पाहिलें. त्या पाण्यांत त्याला इकडून तिकडे फिरणारे असंख्य लहान जीव दिसले. ते हालत होते, एवढ्यावरूनच त्यानें त्यांस प्राणी मानलें. अमीबाची ओळख त्यानंतर ऐंशी वर्षांनीं पटली. १७५५ सालीं न्यूरेंबर्ग येथील रोझेल या चित्रकारानें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि क्षणोक्षणीं रूप बदलणारा म्हणून ग्रीक पुराणांतील प्रोटियस या बहुरूपी देवतेचें नांव त्यास दिलें. अमीबा या शब्दाचा मूळ अर्थही 'पालट' असाच आहे.

आतां त्या थेंबाकडे वळूं. शाळांतून दाखवतात तो अमीबा पाव ते अर्धा मिलिमीटर लांब असतो. त्याला तोंड नाहीं, डोळा नाहीं, ठरलेला आकार नाहीं. नीट पाहिलें असतां त्याच्या कडेस एके ठिकाणीं फुगवटी येते; शरीरांतील बारीक कण त्या फुगवटीकडे धांवूं लागतात; फुगवटी लांबत जाते आणि मागाहून सारें शरीर तिच्यांत ओतलें जातें. या फुगवटीस शास्त्रांत छद्मपाद, म्हणजे खोटा पाय, असें म्हणतात. काम झालें कीं हा पाय नाहींसा होतो आणि दुसरीकडे नवा फुटतो.

हें कसें घडतें? थंडीच्या दिवसांत तुपाचें भांडें पाहावें. कडेचें तूप थिजतें, मधलें पातळ राहतें. अमीबाच्या शरीराची रचना अशीच आहे. बाहेरचा थर घट्ट, आंतला द्रव पातळ. आंतला द्रव पुढें वाहत जातो, टोकाशीं पोंचला कीं कडेस वळतो आणि तेथें थिजतो. उलटपक्षीं शेपटाकडचा घट्ट थर वितळून पुन्हां प्रवाहांत मिसळतो. मात्र हें थिजणें-वितळणें थंडी-उष्णतेनें होत नाहीं. त्या द्रवांत अ‍ॅक्टिन नांवाच्या प्रथिनाचे कण असतात. ते मण्यांप्रमाणें एकापुढें एक ओवले जाऊन त्यांचे तंतू बनतात. तंतूंची जाळी विणली गेली कीं द्रव घट्ट होतो, ती उसवली कीं पातळ होतो. पुढच्या टोकाशीं नवे मणी ओवले जात असतां त्यांच्या रेट्यानें बाहेरचें पातळ आवरण पुढें ढकललें जातें. मागच्या बाजूस मायोसिन नांवाचें दुसरें प्रथिन ही जाळी आवळतें, आणि पुरचुंडी आवळली असतां आंतला जिन्नस जसा पुढें सरतो, तसा द्रव पुढें लोटला जातो. अमीबा मागच्या दाबानें पुढें जातो कीं पुढच्या ओढीनें, हा वाद विद्वानांत बरींच वर्षें चालला. निरनिराळ्या जातींच्या अमीबांत दोहोंचा वांटा कमीअधिक असतो, असें आतां दिसून आलें आहे.

येथें एक गोष्ट आम्हीं आजीबाईंस मुद्दाम सांगितली. अ‍ॅक्टिन आणि मायोसिन हीं दोन प्रथिनें कांहीं अमीबाचीच मिरास नव्हेत. आपल्या स्नायूंतही तींच आहेत. आजीबाई पोळपाटावर लाटणें फिरवतात, तेव्हां त्यांच्या दंडांत मायोसिन अ‍ॅक्टिनच्या तंतूंना ओढीत असतें. डबक्यांतील तो जीव आणि आपण यांचें हें नातें फार जुनें आहे.

अमीबाची चाल मात्र अतिशय मंद. सेकंदास मिलिमीटरच्या कांहीं सहस्रांशांइतकीच ती असल्यामुळें तासाभरांत तो फार तर बोटाच्या एका पेराएवढें अंतर तोडतो. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

त्याच थेंबांतून सपातेच्या आकाराचा एक जीव मात्र भरकन निघून जात होता. त्याचें नांव पॅरामीशियम. त्याच्या सर्वांगावर हजारों बारीक केसर असतात. ते सगळे एकदम हालत नाहींत, एकामागून एक क्रमानें हालतात. ज्वारीच्या उभ्या पिकावरून वाऱ्याची लाट जावी, तशी लाट त्याच्या अंगावरून सारखी जात असते. त्याचा वेग सेकंदास सुमारें एक मिलिमीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या कितीतरी पट. वाटेंत कडब्याचा तुकडा आला कीं तो आपटतो, मागें सरतो, किंचित् वळतो आणि पुन्हां पुढें जातो. वाट मिळेपर्यंत हा क्रम चालतो. आपटतांक्षणींच बाहेरील कॅल्शियम त्याच्या शरीरांत शिरतें आणि त्यामुळें केसरांची झोड उलट दिशेनें होऊं लागते. जेनिंग्ज या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९०६ सालच्या आपल्या ग्रंथांत या वागण्याचें बारकाईनें वर्णन केलें आहे.

या जीवांस अशा विचित्र युक्त्या कां लागतात, हें समजण्यास पाणी त्यांना कसें भासतें तें जाणलें पाहिजे. आपण विहिरींत पोहतों तेव्हां एकदा हात मारला कीं क्षणभर अंग आपोआप पुढें जातें. सूक्ष्म जीवांस ही सवलत नाहीं. शरीर जितकें लहान तितकी पाण्याची चिकटाई अधिक जाणवते. काकवीनें भरलेल्या हौदांत माणसाला पोहावयास लावलें तर त्याची जी गत होईल, तिच्याहून यांची अवस्था कठीण. एडवर्ड पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञानें १९७७ सालीं लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधांत दाखवलें आहे कीं, पोहणारा जंतु थांबला तर एका अणूच्या रुंदीइतकाही आपोआप पुढें घसरत नाहीं. शिवाय अशा ठिकाणीं हात जसा नेला तसाच परत आणला, तर जेवढें पुढें गेलों तेवढेंच मागें येतों. पदरीं कांहींच पडत नाहीं. म्हणून पॅरामीशियमचा केसर जातांना ताठ जातो आणि परततांना वांकून, अंग चोरून येतो. जाण्यायेण्याच्या या फरकांतच त्याची प्रगति आहे.

याहून लहान जंतूंनीं हें कोडें आणखी निराळ्या रीतीनें सोडवलें आहे. आपल्या आतड्यांत राहणारा कोलाय नांवाचा जंतु मिलिमीटरच्या पांचशेव्या भागाएवढा असतो. त्याच्या अंगास लांब, मळसूत्री शेपटें असतात. तीं चाबकासारखीं हालत असावींत असाच पुष्कळ काळ समज होता. तीं हालत नसून चक्क गरगर फिरतात, हें हॉवर्ड बर्ग व त्यांचे सहकारी यांनीं १९७३ सालीं पुढें मांडलें, आणि पुढच्याच वर्षीं तें प्रयोगानें सिद्ध झालें. शेपटाच्या मुळाशीं एक फिरतें यंत्रच असतें, आणि तें सेकंदास शंभराहून अधिक फेरे घेतें. ताक घुसळतांना रवी दोरीच्या ओढीनें एकदा इकडे, एकदा तिकडे फिरते. हें यंत्रही दोन्हीकडे फिरूं शकतें. एका बाजूनें फिरलें कीं सर्व शेपटांची एक वेणी होऊन जंतु सरळ पोहतो. उलट फिरलें कीं वेणी सुटते, जंतु जागच्या जागीं कोलांट्या खातो आणि नव्या दिशेस लागतो. वाट चांगली, अन्न वाढत चाललेलें, असें जाणवलें कीं तो कोलांट्या कमी करतो. डोळे नसलेल्या जिवाचें वाट शोधणें तें हेंच.

शेपूट नाहीं, केसर नाहींत आणि खोटे पायही नाहींत, असाही एक प्रवासी आहे, आणि त्याच्या शोधाचा या मुलखाशीं संबंध आहे. बेंबळी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यांत मोडत असे. त्याच राज्यांतील सिकंदराबादच्या इंग्रजी छावणींत रोनाल्ड रॉस यांस २० ऑगस्ट १८९७ रोजीं डासाच्या जठराच्या भिंतींत हिंवतापाचे जंतु सांपडले. पुढें हे जंतु डासाच्या लाळेंतून माणसाच्या कातडींत उतरतात, तेव्हां ते सुईसारखे बारीक असतात आणि आकार न बदलतां नुसते घसरत जातात. अंगाच्या पुढच्या भागांतून ते एक चिकट प्रथिन बाहेर काढतात, तें आजूबाजूस चिकटलें कीं आंतून त्याला मागें ओढतात, आणि त्या ओढीनें स्वतः पुढें सरकतात. ही ओढही अ‍ॅक्टिन-मायोसिनचीच. अमीबा आणि हा जंतु यांची चाल निराळी, पण बैल त्याच जोडीचे.

अमीबाची खरी चाल तर प्रत्येक घरांत रोज चालू आहे. मुलाच्या पायांत बाभळीचा कांटा मोडतो, दुसऱ्या दिवशीं तेथें ठणका लागतो आणि मग पू होतो. तो पू बहुतांशीं आपल्या रक्तांतील पांढऱ्या पेशींचा असतो. या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतींतून अंग चेपून बाहेर पडतात आणि अमीबाप्रमाणेंच खोटे पाय काढीत कांट्याकडे चालत जाऊन जंतूंस गिळतात. रशियन शास्त्रज्ञ मेच्निकॉव्ह यांनीं १८८२ सालीं इटलींतील मेसिना येथें तारामाशाच्या पारदर्शक पिलाच्या अंगांत गुलाबाचा कांटा टोंचून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशीं त्याभोंवतीं अशा चालत्या पेशींचा गराडा पडलेला पाहिला. या संशोधनाबद्दल त्यांस १९०८ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. सारांश, अमीबाची चाल ही शत्रूची चाल नव्हे. तिच्याच बळावर आपण जगतों.

आतां आजीबाईंचा प्रश्न. बरणींतील अमीबा मुलीला छळणारा नव्हे. तो चिखलांतच जगणारा, त्याचा भाऊबंद. आमांश करणारा अमीबा माणसाच्या मोठ्या आतड्यांत राहतो. १८७५ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें लॉश या वैद्यानें तो रोग्याच्या मळांत प्रथम पाहिला. त्याचा खोटा पाय बहुधा एकच, बोथट आणि झपाट्यानें पुढें येणारा. आतड्याच्या अस्तराशीं तो भिडतो आणि जिवंत पेशींचे लचके तोडतो. हें लचके तोडणें २०१४ सालीं प्रयोगानें दिसून आलें. अस्तरास व्रण पडले कीं आंव आणि रक्त पडूं लागतें. क्वचित् तो यकृतांत जाऊन तेथें गळूं करतो. पूर्वीं यावर उपाय नव्हता असें नाहीं. १९१२ सालीं कलकत्त्यास लिओनार्ड रॉजर्स यांनीं एमेटिनचीं इंजेक्शनें देऊन पुष्कळ रोगी वांचवले, आणि आतां तर त्याहून सौम्य औषधें मिळतात. मात्र आमांश अमीबानेंच होतो असें नाहीं. इतर जंतूंनींही होतो, आणि त्यांचीं औषधें निराळीं. म्हणून रक्त पडूं लागलें, ताप आला किंवा मूल मलूल झालें, तर घरगुती उपचारांत दिवस न घालवतां डॉक्टरांकडे जावें.

पण हा आला कोठून? येथें तो मघांचा आंकडा आठवावा. तासास बोटाच्या पेराच्या हिशेबानें चालणारा जीव एका घरांतून दुसऱ्या घरांत चालत जाणें शक्यच नाहीं. शिवाय आतड्याबाहेर पडलेला हा चालता अमीबा फार वेळ जगत नाहीं. जगतो तो त्याचा कोष. आतड्यांतून बाहेर पडण्यापूर्वीं कांहीं अमीबा खोटे पाय आवरून घेतात, गोल होतात आणि अंगाभोंवतीं चिवट कवच चढवतात. या कोषाची रुंदी मिलिमीटरच्या सुमारें ऐंशीव्या भागाएवढी. तो हालत नाहीं, खात नाहीं. ओलाव्यांत कित्येक दिवस तसाच पडून राहतो. गिळला गेला तर जठरांतील आम्लासही दाद देत नाहीं. पुढें आतड्यांत कवच फुटतें आणि एकाचे आठ अमीबा होऊन बाहेर पडतात. अशा रीतीनें, जोंवर तो चालतो तोंवर दुसऱ्या माणसास त्याची बाधा होत नाहीं. तो निश्चल झाला कीं मग गांवोगांव फिरतो. त्याला फिरवतों आपण. शौचाहून आल्यावर नीट न धुतलेल्या हातानें, उघड्यावरच्या मळावरून पाण्यांत वाहून येणाऱ्या पावसानें आणि न धुतलेल्या कोथिंबिरीनें. त्यांत आणखी मौज अशी कीं, कोष बाळगणाऱ्या पुष्कळ माणसांस स्वतःस कांहींच होत नाहीं. तीं धडधाकट दिसतात, स्वयंपाक करतात, पंक्तींत वाढतात.

"मग आमचें फडकें?" असें आजीबाईंनीं विचारलें. फडक्याची थोरवी मोठी आहे, आणि ती नाकारण्याचें आमच्या मनांत नाहीं. महाराष्ट्रांत एके काळीं नारूनें हजारों पाय जखडले होते. नारू झालेला माणूस पायऱ्यांच्या बारवेंत उतरे, त्याच्या पायांतील जंतूचीं पिलें पाण्यांत पडत, सायक्लॉप्स नांवाची पाणपिसू तीं गिळी, आणि ती पिसू पाण्याबरोबर दुसऱ्याच्या पोटांत जाई. ही पिसू डोळ्यांस जेमतेम दिसण्याएवढी असल्यामुळें दुहेरी फडक्यांत अडकते. पाणी गाळणें आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करणें या साध्या उपायांनीं तो रोग देशांतून गेला. भारतांतील शेवटचा रोगी १९९६ च्या जुलैंत आढळला, आणि २००० सालीं भारत नारूमुक्त झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें जाहीर केलें. पण अमीबाचा कोष त्या पिसूच्या मानानें फारच लहान. फडक्याच्या दोन धाग्यांमधून तो सहज निसटतो. नेहमींच्या प्रमाणांत घातलेल्या क्लोरीननें इतर पुष्कळ जंतु मरतात, हा सहसा मरत नाहीं. खळखळून उकळलेल्या पाण्यांत मात्र त्याचा टिकाव लागत नाहीं.

तेव्हां उपाय तीनच. पावसाळ्यांत पिण्याचें पाणी गाळून मग उकळावें. शौचाहून आल्यावर, आणि कणीक मळण्यापूर्वीं व वाढण्यापूर्वीं, साबणानें हात धुवावेत. शौचालय घरोघर असावें आणि सर्वांनीं तेंच वापरावें. सोवळ्याचा नियम आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या पाळला गेला. त्यांतील स्वच्छतेचा भाग घ्यावा आणि शिवाशिवीचा टाकावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. पाणवठा कोणाचा आहे हें कोषाला कळत नाहीं. गांवाच्या एका टोकाची घाण पहिल्या पावसाबरोबर दुसऱ्या टोकाच्या विहिरींत उतरते. म्हणून आपल्या घरचें पाणी शुद्ध राहावयाचें, तर शेजारच्या वस्तींतही शौचालय व नळ असलाच पाहिजे.

ज्यांना बरणीचा प्रयोग करावयाचा असेल त्यांनीं तो खुशाल करावा. कडबा नसेल तर वाळलेलें गवत चालतें. आठवडाभरांत पाण्यावर पांढुरकी साय येते. त्या सायीखालचा थेंब घ्यावा. अमीबा तळच्या गाळांत असतो आणि धीर धरणाऱ्यासच सांपडतो. मुलांनीं मागाहून हात साबणानें धुवावेत आणि बरणींतील पाणी परसांत झाडाखालीं ओतावें.

त्या दिवशीं संध्याकाळीं आजीबाई स्वतः येऊन यंत्रापुढें बसल्या. त्यांनीं बराच वेळ अमीबा पाहिला आणि म्हणाल्या, "बिचारा किती कष्टानें चालतो हो!" मग उठल्या, आणि स्वयंपाकघरांत जातांना मोरीपाशीं थांबून त्यांनीं नातीला हांक मारली. दोघींनीं मिळून साबणानें हात धुतले. घडवंचीवर पाण्याची कळशी होतीच. त्या रात्रीं तिच्यांत गाळलेलें पाणी उकळून ओतलेलें होतें.